सिस्टरच्या वह्यांचं काय करायचं? एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं. मी घरातली धाकटी सून. यात ज्यांचा उल्लेख येतो त्यांच्यापैकी ज्यांना विचारणं शक्य होतं त्यांना विचारलंय, तरीपण गावाचं नाव, वाडे, नाती आणि बारीकसारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात. गोव्यात सत्तरी तालुक्यातलं एक गाव एवढंच धरून वाचा. घरातलं माणूस नर्स असो, शिक्षक असो नाहीतर वकील, त्याच्या मागे कागद राहतातच आणि ते कागद एकट्या त्याचे कधीच नसतात. याबद्दल माणूस जिवंत असताना कुठल्याच घरात बोलणं होत नाही म्हणून लिहितेय.

पार्श्वभूमी

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सरकारी नर्स. सत्तरच्या दशकात ट्रेनिंग, मग हेल्थ सेंटर, मग मोठ्या हॉस्पिटलचे वॉर्ड, शेवटची काही वर्षं परत हेल्थ सेंटर. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही कधी, लहानथोर सगळ्यांच्या त्या सिस्टर.

१९८९ साल गोव्यातल्या त्या पिढीच्या नर्सेस विसरलेल्या नाहीत. तेव्हा इथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्ही झालेल्या माणसाला वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. डॉमनिक डिसोझा हा तरुण रक्तदान करायचा, त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला, पोलिसांनी उचलला आणि टीबीच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस ठेवला. त्याची आई ल्युसी डिसोझा हायकोर्टात गेली. तो सुटला, पण कोर्टानं ते कलम तेव्हा उचलूनच धरलं, कायद्यातली सक्ती नंतर सैल झाली. डॉमनिक १९९२ मध्ये गेला, त्याच वर्षी त्यानं सुरू केलेली पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी राहिली.

त्या दिवसांत आई ज्या वॉर्डात होत्या तिथे अशा पेशंटच्या केसपेपरवर लाल पेन्सिलीनं मोठी अक्षरं काढलेली असत आणि तो पॅड खाटेच्या पायाशी लटकवलेला, म्हणजे पेज घेऊन येणाऱ्या नातेवाईकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना दिसणार. आई ड्युटीवर आल्या की पहिलं काम म्हणजे ते पॅड उलटे करणं. दुसऱ्या शिफ्टची माणसं परत सुलटे करायची. हे बरेच दिवस चाललं आणि शेवटी मेमो आला. आईंचं उत्तर आम्हाला ट्रंकेत सापडलं, टाईप केलेलं, चारच ओळी, त्याचा अर्थ असा की खबरदारी प्रत्येक पेशंटच्या बाबतीत घ्यायची असते, ती पाटी लावून होत नाही, आम्हाला पुरेसे हातमोजे द्या. खाली सही आणि बाजूला इनवर्डचा शिक्का. पोच घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुठे कागद दिला नाही.

वह्या तेव्हापासूनच्या. लाल कापडी पाठीच्या, दुकानदार जमाखर्चाला वापरतात तसल्या. कोण कधी आलं, काय सांगितलं, कुठे पाठवलं, गोळ्या मध्येच सोडल्या का, घरी कोणाला माहीत आहे आणि कोणाला कळता कामा नये, सगळं त्यात. टीबी, एचआयव्ही, दारू, मारझोड, लग्नाआधीची बाळंतपणं. २००४ पासून देशात सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, फुकट मिळायला लागली तेव्हा तर कोणाला कोणत्या तारखेला बसभाडं दिलं त्याचेसुद्धा हिशेब.

रिटायर झाल्यावर दर सोमवारी संध्याकाळी घराच्या सोप्यावर माणसं बसायची. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड (तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख, आणि गोव्यात पाच वर्षं राहिल्याचा पुरावा, हे त्या पाढ्यासारखं म्हणून दाखवायच्या), गोवा सरकारच्या दयानंद योजनेच्या पेन्शनीसाठी हयातीचा दाखला, अपंगत्वाचं सर्टिफिकेट, अडकलेल्या फायलीसाठी आरटीआय. २०१५-१६ च्या सुमाराला सत्तरीत माकडताप आला तेव्हा साठी उलटलेली ही बाई काजूच्या सीझनमध्ये घरोघर फिरली. आमच्याकडे काजू गोळा करायला बायकापोरं सगळीच रानात जातात आणि हा ताप पसरतो गोचिडीतून, १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला म्हणून त्याला क्यासनूर म्हणतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आल्याबरोबर आंघोळ करा, ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरला न विचारता सांगा. लोक हसायचे, पण ऐकायचे.

२०२१ च्या पावसाळ्यात स्ट्रोक आला. १०८ वेळेवर आली, तरी तिसऱ्या दिवशी गेल्या.

अडचण काय होती

बाराव्याला घर भरलं होतं. जेवणं उरकत आली तेव्हा एक बाई मागच्या दारानं माझ्याकडे आली. मी तिला फक्त तोंडओळखीनं ओळखायचे. ना रडली ना आईंबद्दल काही बोलली. एवढंच विचारलं, "वहिनी, सिस्टरीच्यो वह्यो खंय आसात?"

मी म्हटलं, कपाटात. ती म्हणाली, कुलूप आहे? कुलूप नव्हतं.

मी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला बघू, आणि बघू म्हणजे काय ते सगळ्या घरांत माहीत असतं. दरम्यान थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं मनावर घेतलं होतं. मन चांगलंच होतं त्यांचं. आपल्या आईनं काय काय केलं ते लोकांना कळावं, पेपरात नुसता फोटो आणि भावपूर्ण श्रद्धांजली यापलीकडे काहीतरी व्हावं. त्यांनी वह्यांतली निवडक पानं मोबाइलवर काढली, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली (तिथे चुलत, मावस, आते धरून अख्खी जत्रा) आणि डीटीपी करणाऱ्या मुलाला पाठवली.

त्या मुलाचा रात्री फोन आला. दादांना नाही, माझ्या नवऱ्याला, कारण तो त्याच्या ओळखीचा. म्हणाला, एका पानावर माझ्या मावशीचं नाव आहे, हे असंच टाईप करू का? काय लिहिलं होतं ते इथे सांगायचं कारण नाही. त्याला ते तोवर माहीत नव्हतं आणि आता माहीत झालं होतं.

दुसऱ्या बाजूला सोमवार चालूच. आई गेल्या तरी माणसं यायची थांबेनात. कोणाचा अर्ज मामलेदार कचेरीत, कोणाचं कार्ड रिन्यू व्हायचं, आणि काय दिलं, कधी दिलं, पोच कुठे आहे हे सगळं आईंच्या डोक्यात नाहीतर वहीत. म्हणजे वह्या उघडल्या तर दहा लोकांची झाकली मूठ उघडी आणि नाही उघडल्या तर दुसऱ्या दहा लोकांची पेन्शन अडकली.

काय काय पर्याय होते

दादांचं म्हणणं, नावं बदलून छापू. हे बोलायला सोपं. आमच्या गावात "एका वाड्यावरची विधवा, दोन मुलगे, मोठा बसवर कंडक्टर" एवढं छापलं की नाव लिहायची गरजच नाही, वाचणारा पान उलटायच्या आत घरात जाऊन पोचतो. नाव बदललं तरी गाव बदलत नाही.

नणंद, म्हणजे ताई, इंग्लंडात असते, तिचं म्हणणं एका वाक्यात, सगळं जाळा. तिला आईंच्या या कामाचा लहानपणी त्रास झालाय, घरात कायम कोणीतरी रडत बसलेलं, जेवायला आई नाही, त्यामुळे तिच्या जाळा म्हणण्यात थोडा रागही असणार असं मला वाटतं, पण म्हणून तिचा मुद्दा खोटा ठरत नाही. अडचण एवढीच की जाळलं तर चालू अर्जांचे तपशील आणि ते मेमोबिमो सगळंच जाणार.

एका निवृत्त डॉक्टरांनी सुचवलं की एखाद्या ग्रंथालयात किंवा पुराभिलेखात सीलबंद द्या, पन्नास वर्षांनी उघडा, त्या काळच्या नर्सिंगचा इतिहास आहे हा. विचार म्हणून मला आवडला. पण त्यातल्या माणसांची पोरं पन्नास वर्षांनी याच गावात असणार, आणि आमच्यातलं कोणी त्यांच्या वतीनं हो म्हणणार, ते कुठल्या हक्कानं?

सरपंचांचा प्रस्ताव वेगळाच. हॉलला सिस्टरचं नाव देऊ, मे महिन्याच्या ग्रामसभेत ठराव घेऊ. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचायतीच्या निवडणुका होत्या, त्यामुळे मे महिनाच का, ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. दादा जवळजवळ हो म्हणाले होते. आम्ही म्हटलं, निवडणूक होऊन जाऊ दे, मग निवांत बघू. निवडणूक झाली, पंचायत बदलली, आणि तो विषय परत कोणी काढला नाही.

आईंच्या नावानं ट्रस्ट काढून सोप्याची खोली त्याला द्यायची हाही एक विचार होता. गोव्याबाहेरच्या लोकांना सांगते, आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं, वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे वारशाच्या कागदावर मुलांबरोबर सुना-जावयांच्याही सह्या लागतात. इन्व्हेंतार, म्हणजे कोर्टातून वारशाची वाटणी, झालेला नाही, जावई इंग्लंडात, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आणायची. म्हटलं, ट्रस्ट राहू दे बाजूला.

शेवटचा पर्याय मेट्रनबाईंचा. आईंच्या बरोबरच्या, निवृत्त. त्या म्हणाल्या, ज्याचं पान त्याला द्या.

काय केलं

पणजीतल्या एका ओळखीच्या वकिलांना भेटलो. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, विश्वासानं सांगितलेली एखाद्याची एचआयव्हीची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, हे त्यांनी सांगितलं. पण त्याआधी त्यांनी विचारलं ते असं, "कलम मागाहून बघू, आधी सांगा कॉप्या किती आणि कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये?"

इथे आम्ही सगळे गप्प. ग्रुपवरून फोटो डिलीट करायची वेळ कधीच गेलेली. मग नवऱ्यानं एकेकाला फोन केले, गॅलरीतून काढा, बॅकअपमधून काढा, पाठवला असेल कोणाला तर तेही सांगा. बहुतेक जण काढले म्हणाले. ते तसं म्हणाले, यापलीकडे आम्हाला काही कळायचा मार्ग नाही. डीटीपीच्या मुलानं मात्र स्वतः घरी येऊन कॉम्प्युटरची फाइल आमच्यासमोर उडवली. मावशीबद्दल परत तो एक अक्षर बोलला नाही, आम्हीही नाही.

नंतर ठरलं की वह्या घरच्यांनी वाचायच्याच नाहीत. मेट्रनबाई आणि आईंच्या हाताखाली काम केलेल्या एक एएनएम (गावोगाव फिरणाऱ्या सरकारी नर्सबाई), दोघींनी बसून तीन गठ्ठे करायचे : चालू अर्ज, खासगी, आणि आईंचं स्वतःचं. आईंची शॉर्टहँड त्यांनाच लागायची, आणि ज्या गोष्टी कुठे बोलायच्या नसतात त्या न बोलायची सवय त्यांना नोकरीतूनच होती. दादांना हे लागलं. "माझ्या आईचं अक्षर मी वाचायचं नाही आणि परक्यांनी वाचायचं?" त्यांचं दुःख मला कळत होतं. मेट्रनबाईंनी त्यांना ट्रंकेतला मेमो आणि ते उत्तर काढून दिलं, म्हणाल्या, हे तुझ्या आईचं आहे, हे छाप. दादा बराच वेळ तो कागद घेऊन बसले होते. स्मरणिकेचा हट्ट तिथे सुटला असं नाही, पण वळला.

पानं परत करायची कशी हा मोठा प्रश्न होता. एखाद्याच्या घरी जाऊन पाकीट द्यायचं म्हणजे शेजारणीनं विचारायचंच, काय गो, सिस्टरच्या घरचे कशाला आले होते? म्हणून गेलोच नाही कुठे. सोमवारी लोक येतातच, त्यात कोणी कशाला आलंय ते कळत नाही. ज्यांना विचारायचं असेल ते विचारतील, मेट्रनबाई आतल्या खोलीत बसतील. बाराव्याला विचारणारी ती बाई पहिल्याच सोमवारी आली. पान घेतलं, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं, आणि मग सोप्यावर बसून रेशनकार्डाबद्दल विचारलं.

सगळी प्रकरणं एवढी सरळ नव्हती. एक गृहस्थ बायकोचं पान मागायला आले, बायको बाहेर स्कूटरपाशी उभी. मेट्रनबाई म्हणाल्या, तिचं तिला देईन, तुझं असेल तर तुला. तो आवाज चढवून बोलला, आईंबद्दलही वाईटसाईट बोलला, निघून गेला. ती बाई नंतर आली नाही, अजूनही नाही. एका पानावर दोघांच्या गोष्टी होत्या, दोघं वेगवेगळ्या घरातले, दोघं हयात. जो आला त्याच्यासमोर ते चुलीत घातलं. दुसऱ्याला हे माहीतच नाही, आणि सांगायला जावं तर ज्यासाठी जाळलं तेच उघडं पडणार. मला विचाराल तर हा निर्णय अर्धाच बरोबर होता, पण पूर्ण बरोबर कोणता असता ते मला अजून सुचलेलं नाही.

सोमवारसाठी पद्धत बदलली. आता एक निवृत्त शिक्षक, अंगणवाडीच्या बाई आणि त्या एएनएम बसतात. वही ठेवायची नाही. येणाऱ्याला इलॅस्टिकवाली प्लास्टिकची फाइल द्यायची, त्यात त्याच्या अर्जाची झेरॉक्स, पोच, पुढची तारीख, आणि फाइल त्यानं घरी न्यायची. मध्ये कोणीतरी कॉलेजची मुलं मदतीला देतो म्हणाले, चांगली मुलं, पण गावातलीच, म्हणून फक्त अर्ज भरायला घेतली, आतल्या खोलीत नाही.

पुढे काय झालं

वर्षश्राद्धाला स्मरणिका निघाली, पातळशी. त्यात कोणत्याही पेशंटची गोष्ट नाही. मेमो आणि उत्तर आहे, बरोबरच्या नर्सेसनी लिहिलेल्या आठवणी आहेत, हातमोजे उकळून परत वापरायचे त्या दिवसांच्या, रात्रपाळीच्या. शेवटच्या दोन पानांवर कोणत्या अर्जाला कोणती कागदपत्रं लागतात त्याची यादी, आईंच्या वहीतून घेतलेली, तारखा ताज्या करून. लोकांनी तेवढी दोन पानं फाडून भिंतीला लावली, बाकीचं पुस्तक कुठे गेलं देव जाणे. दादा आधी खट्टू झाले, मग दुसऱ्या वर्षी त्यांनी फक्त ती दोन पानंच छापून वाटली. नर्सेसच्या ग्रुपनं १२ मेला, परिचारिका दिनी, नर्सिंगच्या मुलींसाठी एक बक्षीस ठेवलंय, ते चाललंय.

चालू अर्जांपैकी बरेचसे मार्गी लागले. दोन म्हाताऱ्यांची पेन्शन मात्र हयातीचा दाखला राहून गेल्यामुळे थांबली होती, ती परत सुरू करायला पुष्कळ चकरा झाल्या. आई असत्या तर ती थांबलीच नसती.

वेगळं काय करता आलं असतं

कपाटाला पहिल्याच दिवशी कुलूप. बाराव्याच्या दिवशी ती बाई विचारून गेली तेव्हाच ते लागायला हवं होतं, तेवढ्यानं फोटो, ग्रुप, डीटीपी हे सगळं टळलं असतं. आणि घरात कोणी असं काम करत असेल तर जिवंतपणीच विचारा की तुमच्या मागे हे कोणी बघायचं, कोणी नाही बघायचं. आमच्याकडे जमीन कोणाला, दागिने कोणाला हे आई बोलल्या होत्या, वह्यांबद्दल आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

इथे आईंचंही चुकलं असं मला वाटतं, आणि हे मी त्यांच्या फोटोसमोर म्हणायला तयार आहे. त्यांनी सगळं स्वतःकडे ठेवलं. लोकांचे कागद, लोकांच्या तारखा, लोकांची गुपितं, सगळं एका बाईत. म्हणून त्या गेल्यावर लोकांना परत पहिल्यापासून सुरू करावं लागलं. फाइल ज्याची त्याच्या हातात ही पद्धत त्यांनीच दहा वर्षांपूर्वी लावली असती तर दोन पेन्शनी थांबल्या नसत्या. मेट्रनबाईंना हे पटत नाही, त्या म्हणतात फाइल घरी नेली की नवरा वाचतो, सासू वाचते, सिस्टरकडे होतं म्हणूनच सुरक्षित होतं. पेन्शनच्या बाबतीत माझं बरोबर, बाकीच्या बाबतीत बहुधा त्यांचं.

आता नवीनच भानगड आहे. अर्ज ऑनलाइन झाले, ओटीपी मोबाइलवर येतो आणि बहुतेक बायकांचा नंबर म्हणजे मुलाचा नाहीतर नवऱ्याचा. त्यामुळे कशासाठी अर्ज केलाय ते त्या घरी जायच्या आधी घरी पोचतं. शिक्षक आता आधी स्वतःचं सिम घ्यायला लावतात, मग अर्ज.

न मागितलेली पानं एका पत्र्याच्या पेटीत मेट्रनबाईंकडे आहेत, चावी माझ्याकडे. काही माणसं वारली, काही गाव सोडून गेली, आणि ती स्कूटरपाशी उभी राहिलेली बाई. ताई म्हणते आता तरी जाळा, मेट्रनबाई म्हणतात अजून थोडं थांबा. माझं मत हळूहळू ताईकडे झुकायला लागलंय. ती मे महिन्यात येणार आहे, तेव्हा बसून ठरवू.